डिक्कीतलं गोड पाणी

शेगावात पाण्याबद्दल कोणी उगाच बोलत नाही. खारपाणपट्ट्यातलं गाव, कुठंही बोअर घ्या, वर येतं ते खारंच. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हौसेनं लावलेला मोगरा पानं फुटायच्या आत करपून जातो. नळाला येतं ते पाणी प्यायला जपून ठेवायचं आणि बाकी सगळं खाऱ्यावर भागवायचं. म्हणून इकडच्या माणसाला एक सवय असते, जिचं त्याला स्वतःला काही वाटत नाही. नवं पाणी दिसलं की तो बोट बुडवून जिभेला लावतो. पाहुणा म्हणून गेला तरी आधी पाणी चाखतो, मग चहाला हो म्हणतो. धम्मरत्न आणि सारिकाच्या घराचा घात झाला तो या एवढ्याशा सवयीपायी. आणि दुसरं कारण धम्मरत्नाचा हात. त्या हाताला गळकी वस्तू सोसत नसे.

धम्मरत्न तिथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळेत सहायक. काचेच्या नळ्या, गॅसच्या शेगड्या, ठिबकणाऱ्या तोट्या यांत त्याचा दिवस जायचा. गल्लीत कोणाचाही नळ गळला की हाक त्यालाच. पाण्याला कारण असतं, असं तो म्हणायचा. ते कुठून येतं ते शोधा, तिथं बूच मारा, विषय संपला. सारिका नर्स. तिची बदली सोनाळ्याला झाली आणि घरात रोजचा घोर लागला. सकाळची एसटी मिळायची, संध्याकाळी परतीची कधी यायची कधी नाही, आणि हा माणूस फाटकाशी उभा राहून रस्त्याकडे बघत बसायचा. मूलबाळ नव्हतं. दोघांचं एकमेकांशिवाय तिसरं कोणी नव्हतं. म्हणून दिवाळीनंतर त्यांनी जुनी गाडी घेतली.

पांढरी, तोंडानं थोडी रुसल्यासारखी दिसणारी गाडी. विकणारा दलाल म्हणाला, मोताळ्याकडची आहे, एकाच घरात वापरलेली, इंजिन मस्त. फक्त डिक्कीत थोडं पाणी येतं, रबर बदला म्हणजे झालं. धम्मरत्न मनात हसला. एवढंच ना?

सारिका गाडी शिकली ती हा हा म्हणता. गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून बघायच्या आणि ती काच खाली करून त्यांना हात करायची. इतकी खूश तिला त्यानं लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. सोनाळ्याहून येताना ती हरभऱ्याची भाजी, संत्री असं काहीबाही डिक्कीत टाकून आणायची, आणि ते रोज भिजलेलं निघायचं.

पाऊस दसऱ्याआधीच गेला होता. शिवारात कापूस फुटलेला, हवा कोरडी ठणठणीत. तरी रोज सकाळी डिक्की उघडली की स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी उभं. थंडगार आणि नितळ. वास मात्र शेवाळाचा, खोल पाण्याकाठी येतो तसा. धम्मरत्नानं रबर बदललं. पाणी आलं. मागच्या दिव्यांच्या आतली गॅस्केट बदलली. पाणी आलं. मग त्यानं प्रयोगशाळेतली युक्ती काढली. डिक्की पुसून कोरडी केली आणि आत सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुरली. पाणी जिथून शिरेल तिथून पावडरीत ओघळ उमटेल, असा साधा हिशेब.

सकाळी ओघळ उमटला होता. पण तो वरून खाली नव्हता. स्टेपनीच्या खड्ड्यातून निघून तो पत्र्यावरून वर चढला होता आणि बरोबर कुलपाशी जाऊन थांबला होता. धम्मरत्न बराच वेळ बघत राहिला. मग गाडी उतारावर उभी होती, पाणी डचमळलं असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि पावडर पुसून टाकली. घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी बाबासाहेबांचा फोटो, रोज संध्याकाळी वंदना. भुताखेतांना त्या घरात जागा नव्हती, आणि ते बरोबरही होतं.

रविवारी सारिकानंच सुचवलं. "मी बसतो ना आत. तुम्ही बाहेरून पाणी मारा. जिथून आलं तथी आतून ठोकतो, तुम्ही बाहेरून खडूची खूण करा."

वऱ्हाडात बायका स्वतःला 'बसतो, जातो' म्हणतात, तशी ती म्हणायची. युक्ती चांगली होती. गॅरेजवालेही असंच करतात. धम्मरत्नानं मागची सीट पाडली, म्हणजे तिला हवा मिळावी. ती अंग चोरून डिक्कीत बसली, हातात मोबाइलची बॅटरी.

"घाबरशील तं नाई?"

"घरच्या गाडीत कायचं भेव? लावा झाकण."

त्यानं झाकण लावलं आणि बोअरची नळी सुरू केली. दुपारचं ऊन, पत्र्यावर पडणाऱ्या पाण्याचा एकसुरी आवाज. डावीकडच्या दिव्याजवळ आतून ठोका आला. त्यानं खडूनं फुली मारली. लगेच उजवीकडून, थोडा खालून, दुसरा ठोका. तिथंही फुली. मग पुन्हा उजवीकडून ठोका आला. आणि पुन्हा. दम धरून द्यावे तसे, सारख्या अंतरानं.

"बस झालं, कळलं मले," म्हणत त्यानं नळी बंद केली आणि झाकण उचललं. सारिका डाव्या कोपऱ्याला पाठ लावून बसली होती. बाहेर येऊन ती आधी खोकली.

"एकाच जागून येऊन राह्यलं," ती म्हणाली. "डाव्या दिव्याच्या आंगानं."

"अन् उजवीकडं? तू किती ठोके देल्ले उजवीकडं..."

"उजवीकडं मी हातच नाई लावला. माह्या हात पुरते का तथी?" ती साडीचा पदर पिळत म्हणाली. मग तिला एकदम काही आठवलं. "एक सांगू? तुम्ही तं बोअरचं मारलं ना पाणी? आत जे ठिबकून राह्यलं होतं, ते गोड आहे."

"तू चाखलं?"

"बोटाले लागलं, लावलं जिभेले." ती हसली. "असं गोड पाणी आपल्या गावात कुठी नाई."

बाहेरून खारं पाणी मारलं आणि आत गोड ठिबकलं. दुसरा कोणी असता तर गाडी तिथंच सोडून गेला असता. पण धम्मरत्नाला हरल्यासारखं वाटलं, आणि हरलेला माणूस हट्टाला पेटतो. त्यानं दोन्ही फुल्या सिलिकॉननं भरल्या. पत्र्याचे सांधे भरले. तळाची भोकं नव्या रबरी बुचांनी घट्ट केली. मागच्या सीटमागं पत्रा ठोकून डिक्की पुढच्या भागापासून वेगळी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं झाकण उचललं तर डिक्की कोरडी होती. त्याच्या पुढच्याही दिवशी कोरडी. त्यानं सारिकाला हाताला धरून आणलं आणि दाखवलं.

"झालं की नाही?"

"झालं बाई एकदाचं," ती म्हणाली आणि पुन्हा खोकली.

त्या आठवड्यात तिचा खोकला वाढला. उताणी झोपली की छातीतून बुडबुडे फुटल्यासारखा आवाज यायचा. ती उशाला उशी लावून बसून राहायची. एकदा बोअरच्या पाण्यानं चूळ भरता भरता तिनं ते गिळलं आणि चकित होऊन त्याच्याकडे पाहिलं. "आपल्या बोअरले गोड पाणी लागलं काय हो?" धम्मरत्नानं तांब्या घेऊन घोट घेतला. तोंड वाकडं होईल इतकं खारं होतं.

अकोल्याला नेलं तेव्हा तिला पायऱ्या चढवेनात. डॉक्टरीणबाईंनी फोटो बघून सांगितलं, छातीत पाणी झालंय, काढलं की आराम पडेल. पाठीत सुई घालून नळीनं पाणी काढलं. पिशवी भरली, सारिकाला श्वास आला, ती त्याच्याकडे बघून हसली. सकाळपर्यंत छाती पुन्हा भरली होती. पुन्हा काढलं, पुन्हा भरली. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांनी काही हातचं राखलं नाही. पण पिशवी उजेडात धरून त्या पुन्हा पुन्हा बघायच्या. असं पाणी पिवळट असतं, त्या म्हणाल्या. हे इतकं नितळ कसं?

पिशवी बदलताना एक थेंब धम्मरत्नाच्या बोटावर पडला. विचार करायच्या आधी बोट जिभेला लागलं. जन्माची सवय ती.

पाणी गोड होतं. त्याला शेवाळाचा वास होता.

त्या सकाळी सारिकानं त्याला जवळ बोलावलं. बोलायला तिला फार वेळ लागत होता.

"उजवीकडची... ती फुली..."

"बोलू नको तू."

"तथी कोणीतरी बसेल होतं. मी तवा सांगतलं नाई... तुम्ही हसले असते." ती बराच वेळ नुसती श्वास ओढत राहिली. "ती मले विचारून राह्यली... काऊन बंद केलं म्हणते."

धम्मरत्न हसला नाही. तिची बहीण सुचिता अकोल्यातच राहायची, तिला त्यानं पलंगाशी बसवलं. दलालाला फोन करून गाडीच्या आधीच्या मालकाचं गाव विचारलं आणि गाडी काढली. नांदुरा, मोताळा, तिथून रोहिणखेड. अख्ख्या वाटेनं मागची डिक्की कोरडी होती आणि त्या कोरडेपणाची त्याला आता भीती वाटत होती.

भगवानरावांचं घर गावाच्या कडेला. तेच मालक. अंगणात बाजेवर म्हातारा बसला होता, त्यानं गाडी बघितली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांची बायको गोजरबाई गुडघ्यावर हात देत उठली. गाडीपाशी आली. डिक्कीच्या झाकणावर तिनं हात ठेवला, गायीच्या पाठीवर ठेवावा तसा.

"बरी आहे काय आमची पुष्पांजली?"

म्हातारीनं झाकण उघडायला लावलं. आत बोट फिरवलं. बोट कोरडं बघून ती मटकन खाली बसली.

"तुम्ही बुजवलं..."

"गळत होतं, मावशी."

"गळत नव्हतं, बापू." आणि मग तिनं सांगितलं. हळू आवाजात, आत कोणी झोपलेलं असावं तशी. पुष्पांजली तिची सून. मुलगा गणेश तिला आणि गोजरबाईला घेऊन धरणावर गेला होता, गाडी धुवायला, सगळेच तिथं धुतात. तिला ताप होता म्हणून ती मागच्या सीटवर पडून राहिली. गाडी उतारावर सुटली आणि नाकानं पाण्यात गेली. दारं उघडली नाहीत. मागचा भाग तेवढा वर तरंगत राहिला. सीट पाडून ती डिक्कीत सरकली, कारण हवा तिथंच उरली होती. किल्ली पुढं आत अडकलेली. गणेश कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून दगडानं कुलूप ठेचत होता.

"आतून ठोका येत होता. मी बाहेरून एक द्यायची, थे आतून एक द्यायची. म्हणजे आहे, जिती आहे. मी एक द्यायची, थे एक द्यायची..." गोजरबाईनं पदर तोंडाला लावला. "मंग माह्याच राह्यला."

"गाडी वाळवून घरी आणली तं रोज सकाळी पाणी. लोक म्हणे भंगारात द्या. म्या म्हटलं, पोरीच्या नाकातोंडात पाणी जाते, ते आपल्याजवळ कहाडते. कहाडू द्या. मी रोज वाटीनं उपसत होती. उपसलं का तिले दम भेटे. दिवसभर काही आवाज नाई. माहे गुडघे गेले, पोरगा परदेशी गेला, अन् म्हाताऱ्यानं इकून टाकली. मी सांगतलं होतं त्या दलालाले, घेणाऱ्याले सांग का रोज उपसजा म्हणा. बंद करू नका."

"बंद केलं तं काय होते?"

"मले काय माईत? आम्ही कधी केलंच नाई." तिनं त्याच्याकडे वर बघितलं. "तुमच्या घरी कोणाच्या जिवाले बरं नाई काय?"

निघताना तिनं देवळीतली स्टीलची वाटी आणून त्याच्या हातात दिली. कड झिजून पातळ झालेली.

मोताळ्याच्या अलीकडे बाभळीखाली त्यानं गाडी थांबवली. ऊन कलायला लागलं होतं. स्क्रू-ड्रायव्हरनं सिलिकॉन खरवडून काढलं, रबर ओरबाडून काढलं, बुचं काढून शेतात भिरकावली, ठोकलेला पत्रा पायानं वाकवला. नखातून रक्त आलं. आयुष्यात पहिल्यांदा तो एखादी वस्तू गळकी करत होता, आणि तो हात जोडून म्हणत होता, ये बाई, इकडं ये, तिला सोड. हे आपण कोणाला म्हणतोय याची त्याला लाज वाटली नाही. बाटलीतलं पिण्याचं पाणी त्यानं डिक्कीत ओतलं. ते तळाच्या भोकांतून धुळीत गळून गेलं. डिक्की कोरडीच राहिली. बुजवायचं काम त्यानं फार चांगलं केलं होतं.

तेवढ्यात सुचिताचा फोन आला. "भाऊजी, लवकर या. तिले बोलता नाई येऊन राह्यलं..."

तो पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. सारिकाच्या तोंडावर मास्क होता, डोळे उघडे होते. तिला बोलता येत नव्हतं, पण पलंगाच्या लोखंडी दांड्यावर तिची बोटं होती. त्या बोटांनी ठोका दिला. धम्मरत्नानं दांड्यावर ठोका दिला. तिनं दिला. त्यानं दिला. नर्सा येत होत्या, जात होत्या, नळ्या बदलत होत्या, आणि ही दोघं लहान मुलांसारखी दांडा वाजवत होती. आहे म्हणायची ती, आणि तो म्हणायचा आहे. कोरड्या पलंगावर, पंख्याखाली, इतक्या माणसांच्या देखत सारिका बुडाली. मग त्याचाच ठोका राहिला. तो तरी देतच राहिला, शेवटी सुचितानं त्याचा हात धरला.

सारिकाच्या मागच्या जलदानविधीला सोनाळ्याहून बाया आल्या होत्या. प्रत्येकीला तिनं कधी ना कधी औषध दिलेलं. भंतेजी गाथा म्हणत होते आणि धम्मरत्न तांब्यानं वाटीत धार धरत होता. वाटी कुठली ते कोणी विचारलं नाही. भरून ओसंडली तरी त्याचा हात थांबेना, ताट भरलं, पाणी सतरंजीवर आलं, तेव्हा भंतेजींनी हळूच तांब्या त्याच्या हातातून घेतला.

माणसं गेली. घर रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात आला तर गाडीखालची माती कोरडी होती. त्यानं झाकण उचललं. रबर नव्हतं, बुचं नव्हती, तळाला भोकं उघडी होती, आणि डिक्की काठोकाठ भरलेली होती. पाणी हलत नव्हतं.

तो खाली बसला आणि वाटीनं उपसायला लागला. आज उपसलं तर तिला श्वास मिळेल, उद्या उपसलं तर उद्या मिळेल. यापलीकडे त्याला काही नको होतं. ऊन अंगणात आलं तेव्हा डिक्की रिकामी झाली. त्यानं झाकण लावलं. मग बोटाच्या सांध्यानं पत्र्यावर एक ठोका दिला.

उजवीकडून, थोडं खालून, उत्तर आलं. मग डावीकडून, दिव्याच्या अंगानं, बांगडीचा आवाज घेऊन दुसरं.

धम्मरत्न तिथंच बसून रडला. घसा सुकला तेव्हा उठला, बोअरची नळी उघडली, ओंजळ धरली आणि पाणी प्याला. एक घोट पोटात गेल्यावर तो थांबला. पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा चाखलं. असं गोड पाणी गावात कुठंच नव्हतं. हेच बोअर सारिकालाही गोड लागलं होतं.

नळी बंद करून त्यानं वाटी धुतली, पुसली आणि पायरीवर उपडी ठेवली. मग फाटकाशी जाऊन उभा राहिला आणि रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या एकेका माणसाच्या तोंडाकडे बघू लागला. उद्यापरवापासून हे उपसणार कोण, तेवढंच आता ठरायचं राहिलं होतं.